तिसऱ्या मजल्यावरचा परदेश

मायक्रोमीटरकाकांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट अंदाजाने केली नव्हती. या गुणाचा त्रास त्यांना स्वतःला कधी झाला नाही. तो भोवतालच्यांनी आपसांत वाटून घेतला होता. वजने आणि मापे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी झाली. जगातले किलो खरोखर किलो आहेत की नुसते तसे म्हणवून घेतात, हे पाहण्याचे काम. निवृत्तीनंतर तपासायला वजने उरली नाहीत, तेव्हा ते इमारतीतली माणसे तपासू लागले. माणसांनी त्यांना पाठीमागे 'मायक्रोमीटर' आणि समोर 'काका' म्हणायला सुरुवात केली. दोन्ही संबोधनांत आदराचे प्रमाण साधारण सारखेच होते.

अशा माणसाला त्याच्या मुलीने एका रविवारी सकाळी, परदेशातून, फोनच्या पडद्यावर केस पुसत विचारले, "बाबा, आम्ही घर बदलतोय. तुम्ही दोघं कायमचे इकडे येणार असाल तर एक खोली जास्तीची बघतो. नसाल येणार तर छोटं घेतो. महिनाअखेरीला घरमालकाला सांगायचंय. या किंवा नका येऊ, पण एक काहीतरी नक्की सांगा."

"म्हणजे आम्ही उरलेलं आयुष्य कुठे काढायचं, हे तुझ्या घरमालकाच्या सोयीने ठरणार."

"बाबा, प्लीज. हो किंवा नाही."

"मोजल्याशिवाय मी दोन्हींपैकी काहीच म्हणणार नाही," काका म्हणाले.

शेजारी बसलेल्या काकूंनी चष्मा डोक्यावर सरकवला. "मला विचाराल तर..."

"तुझं मत सगळ्यांत शेवटी," काकांनी हात वर केला. "आत्ता सांगितलंस तर माझी निरीक्षणं बिघडतील."

काकूंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. दोन माणसांचे बोलणे जोडून द्यायचे आणि आपण तारेतून बाजूला व्हायचे, ही त्यांची जुनी सवय. त्या बाजूला झाल्या आणि केर काढायला गेल्या.

खरे तर काकांचा निष्कर्ष तयारच होता; फक्त तो सिद्ध व्हायचा होता. स्वतःबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांना कुठेही चालले असते. माणसांचा त्यांना मुळातच कंटाळा. सकाळी पेपर उघडावा तर बेल वाजणार, दुपारी डोळा लागावा तर बेल वाजणार. ही इमारत म्हणजे बेलची चाचणी घेण्यासाठी बांधलेली प्रयोगशाळा आहे, असे ते म्हणत. प्रश्न काकूंचा होता. जन्मभर जगाची बोलणी कानाला लावून बसलेली बाई. समोरच्या वहिनी आल्या नाहीत तर हिचा दिवस उगवत नाही. ही तिकडच्या बंद दारांमागे सुकून जाईल. तेव्हा जायचे नाही, आणि ते काकूंसाठी, असे काकांनी मनाशी नोंदवून ठेवले होते. त्या त्यागाची नोंद झाली तेव्हा त्यांना जरा बरेही वाटले होते.

पण सिद्धतेशिवाय निष्कर्ष सांगणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. म्हणून त्यांनी प्रथम उपलब्ध पुरावा गोळा केला. उपलब्ध पुरावा म्हणजे शेजारी.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर काही वर्षे परदेशात राहून परत आले होते. ते म्हणाले, "अजिबात जाऊ नका. तिथे माणूस तोंडच उघडत नाही हो. दवाखान्यातसुद्धा."

विम्याचे काम करणारे गृहस्थ कधीच कुठे गेले नव्हते. "डोळे मिटून जा," ते म्हणाले. "हवा बघा तिथली! श्वास घेतला की आयुष्य वाढतं."

"कितीने?"

"काका, असं कसं सांगता येईल?"

"मग वाढतं हे कसं सांगता आलं?"

विमावाल्यांना अचानक कोणाचा तरी फोन आला. समोरच्या वहिनींनी मात्र काकूंचा हात धरून डोळ्यांत पाणी आणले आणि म्हटले, "जा हो तुम्ही. आमचं काय. आमचं बघू आम्ही कसंतरी." हे मत कोणत्या रकान्यात टाकायचे, ते काकांना ठरवता आले नाही.

त्यांच्या लक्षात आले ते एवढेच, की हा नमुनाच सदोष आहे. जे गेले आणि सुखी झाले ते तिकडेच राहिले; इथे जिन्यात भेटून सल्ला द्यायला उरले ते परत आलेले किंवा कधीच न गेलेले. म्हणजे एकूण साक्षीदारांपैकी ज्यांना खरोखर काही माहीत होते, ते साक्षीला हजरच नव्हते. अशा पुराव्यावर त्यांनी कधी भाजीवाल्याचे वजनसुद्धा पास केले नसते. तेव्हा एकच मार्ग राहिला: प्रयोग.

"आपण पंधरवडाभर परदेशात राहायचं," त्यांनी काकूंना सांगितले.

काकूंचा चेहरा उजळला. "तिकिटं काढलीत?"

"तिकिटं कशाला? इथेच राहायचं. स्थळ तेच ठेवायचं आणि परिस्थिती बदलायची. स्थळही बदललं तर कशाचा परिणाम कशामुळे झाला, हे कसं कळणार?"

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर अशा पाहण्याचे अनेक अर्थ होतात. काकांनी त्यांपैकी 'संमती' हा निवडला.

मुलीची फोनवर कसून उलटतपासणी झाली. गेल्या आठवड्यात तुझी बेल कितीदा वाजली? "बेल? पार्सलवाला आला होता. तोसुद्धा वाजवून निघून जातो, बाबा." कामाला कोण येतं? "आम्हीच." शेजारी? "चांगले आहेत. मान हलवतात." या साक्षीवरून नियम तयार झाले. न कळवता आलेल्यांना दार उघडायचे नाही. घरातली सगळी कामे स्वतः करायची. एसी लावून अंगात कोट घालायचा. घराबाहेर पडल्यावर भाषा येत नाही असे समजून वागायचे. घड्याळ मात्र बदलायचे नाही, कारण तिथला सूर्यही तिथल्याच घड्याळाप्रमाणे उगवतो, हे काकांनी काकूंना दोनदा समजावून सांगितले.

"आणि घरात?" काकूंनी विचारले. "घरात बोलायचं ना?"

"घरात बोलता येईल."

"नाही, आपण घरात बोलतो कुठे, म्हणून विचारलं."

कामाच्या बाईंना पगारी सुट्टी देताना थोडी तात्त्विक अडचण आली. "म्हणजे तुम्ही आत असणार, पण मी नाही असं धरायचं?" त्यांनी विचारले.

"बरोबर."

"आणि नंतर आल्यावर साठलेली भांडी? ती पण नाहीत असंच धरते मग."

सोमवारी सकाळी काकांनी दारावर स्वच्छ अक्षरांत पाटी लावली: 'येथील रहिवासी पंधरवड्यासाठी परदेशी आहेत. भेटीसाठी ई-मेलद्वारे वेळ घ्यावी.' कडी लावली, कोट चढवला आणि ते परदेशात खुर्चीवर बसले.

बेल वाजली.

"वहिनी," काकू म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

काका दारातल्या भिंगाशी गेले. भिंगात वहिनींचे नाक मोठे आणि बाकीच्या वहिनी लहान दिसत होत्या. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, दाराला कान लावला. आतून काकांनीही कान लावला होता. दोन कानांच्या मध्ये फक्त सागवानाची एक फळी होती. थोड्या वेळाने वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, "भांडलेत वाटतं," आणि निघून गेल्या. काकांचा हात कडीपर्यंत गेला होता. गैरसमज दुरुस्त करणे हे त्यांचे जन्मभराचे काम. तो असा उघड्या डोळ्यांनी जिना उतरू द्यायचा म्हणजे कठीणच.

मागे वळून पाहिले तर काकू पाय वर घेऊन पुस्तक वाचत होत्या.

पहिली अडचण दुसऱ्या दिवशी आली, नळातून. म्हणजे नळातून काहीच आले नाही. काकांनी सगळ्या तोट्या तपासल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

इमारतीचे सेक्रेटरी हे निवृत्त अभिलेखपाल. बरोबर दोन मजले खाली राहत. ज्याची नोंद नाही ते घडलेले नाही आणि ज्याची नोंद आहे ते घडल्यावाचून राहत नाही, या श्रद्धेवर त्यांनी नोकरी केली आणि त्याच श्रद्धेवर आता इमारत चालवत होते. इमारतीच्या नियमांत एक कलम होते: रहिवासी परगावी गेल्यास गळती टाळण्यासाठी त्या सदनिकेचे पाणी गच्चीवरून बंद करावे. हे कलम कोणी सुचवले होते, ते आठवून काकांना विशेष आनंद झाला नाही. त्यांनीच सुचवले होते.

एरवी ते दोन मजले उतरून गेले असते आणि सेक्रेटरींना चार शब्द ऐकवून आले असते. पण परदेशात तक्रार अशी करत नाहीत. त्यांनी ई-मेल पाठवला. उत्तर दुपारी आले: 'आपण परदेशी असल्याचे आपल्याच पाटीवरून नमूद आहे. परदेशी असलेल्या रहिवाशास येथील पाण्याची आवश्यकता कशी भासते, याचा खुलासा करावा.'

काकांनी खुलासा केला. तो चार परिच्छेदांचा होता आणि त्यात 'प्रतिकृती' हा शब्द होता. सेक्रेटरींनी लिहिले: 'परत आल्याचा पुरावा सादर केल्यास पाणी सुरू करता येईल. पासपोर्टवरील आगमनाचा शिक्का पुरेसा आहे.'

'मी गेलोच नाही, तर आगमनाचा शिक्का कुठून आणू?'

'गेल्याचा शिक्का नसल्यास आपण नियमबाह्य रीतीने गेला असावात. तसे असल्यास प्रकरण गंभीर आहे.'

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः दाराशी आले. वेळ घेऊन आले होते, तरीही काकांनी, या देवघेवीने दुखावल्यामुळे, दार न उघडता बोलणे पसंत केले.

"मी आत आहे!" ते ओरडले.

"हे तुमचं म्हणणं झालं," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले.

"माझा आवाज येतोय ना तुम्हाला?"

"आवाज येतोय. तो रेकॉर्ड केलेलाही असू शकतो. काका, तुम्हीच शिकवलंय आम्हाला, शहानिशा केल्याशिवाय काही मानायचं नाही."

"मग दार उघडतो, बघा समोर!"

"उघडा. पण नोंदीत काय लिहू? पाटी खोटी होती असं लिहू का? मग खोटी पाटी लावल्याचं कलम वेगळं आहे."

काकांनी दार उघडले नाही. दोघेही आयुष्यभर काटेकोर वागलेले. अशा दोन माणसांमध्ये तडजोड होऊ शकत नाही, फक्त पत्रव्यवहार होऊ शकतो. तो रात्री उशिरापर्यंत चालला.

वहिनींना हे कळताच त्यांनी पाण्याने भरलेली बादली दाराशी आणून ठेवली. काका ती आत घ्यायला वाकले, तोच मागून काकूंचा आवाज आला. "तिकडे शेजारी बादल्या देतात का?"

"नाही, पण..."

"मग नियम म्हणजे नियम. खाली बागेत नळ आहे. तिकडेही असेल, सार्वजनिक."

काकांनी वळून पाहिले. नियम मोडायचा मोह तिला होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तिच्या चेहऱ्यावर मोहाचे चिन्ह नव्हते. तिच्या चेहऱ्यावर सोमवारपासून एक गुळगुळीत तकाकी आली होती. ती कशाची, ते नोंदवायचे काकांच्या राहून गेले होते.

तेव्हापासून रोज सकाळी, भर उन्हात, लोकरी कोट घातलेला एक गृहस्थ बागेतल्या नळावरून दोन बादल्या भरून तीन मजले चढू लागला. माळ्याने विचारले, "काका, बरं आहे ना?" काकांनी नियमाप्रमाणे मान हलवली. भाषा येत नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी विचारले, "काय हे?" काकांनी पुन्हा मान हलवली. अख्ख्या इमारतीला ज्यांनी कधी एक वाक्य पूर्ण करू दिले नव्हते, ते काका आता मुकाट्याने जिना चढताहेत, ही बातमी वरच्या मजल्यावर त्यांच्याआधी पोहोचली. वाटेत तिचे वजन बरेच वाढले.

गुरुवारी साखर संपली. काका कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षांचा. "या काका! बऱ्याच दिवसांनी? काय देऊ?"

काकांनी साखरेच्या पोत्याकडे बोट दाखवले.

"साखर? किती?"

काकांनी एक बोट वर केले. मग त्या बोटाचा अर्थ एक किलो की एक पोते, हे संदिग्ध राहते असे वाटून दोन्ही हातांनी किलोचा आकार दाखवला. दुकानदाराच्या हातातला डबा खाली आला.

"काका? बोला की. काय झालं?" त्याने त्यांच्या डोळ्यांसमोर हात फिरवून पाहिला. "अहो, कोणीतरी बघा रे! काकांची वाचा गेली!"

पुढचे सगळे फार वेगाने झाले. एक स्टूल आले, काकांना त्यावर बसवण्यात आले, कोणी त्यांचा कोट काढला, कोणी चपला काढल्या. विमावाले कुठूनसे उगवले आणि "पॉलिसी चालू आहे ना?" असे हळू आवाजात विचारू लागले. वहिनी रडत आल्या. "तरी मी म्हणत होते! बंद दाराआड ठेवलं होतं हो यांना! काकू कोणाला भेटू देत नव्हत्या!" जवळचे डॉक्टर म्हणून दातांचे डॉक्टर आणले गेले. त्यांनी काकांच्या गालावर हात ठेवला आणि सवयीने म्हटले, "आ करा."

काकांनी आ केला नाही. प्रयोगाचे नियम त्यांनी स्वतः केले होते. चार लोकांनी आपल्याला अर्धांगवायू झाल्याचे ठरवले, तरी एका नियमासाठी ते सहन करण्याची त्यांची तयारी होती. मोठमोठ्या संशोधकांना याहून अधिक सोसावे लागले आहे, असे मनात म्हणत ते ताठ बसून राहिले. फक्त नजर हलत होती. ती पहिल्यांदा साखरेवर गेली, मग दुकानदाराच्या वजनकाट्यावर.

नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याच्या कडेला पातळी दाखवणारा द्रवाचा लहानसा बुडबुडा असतो. काटा सपाट बसला असेल तर बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर राहतो. हा बुडबुडा वर्तुळाच्या बाहेर होता. पूर्ण बाहेर. काट्याच्या एका पायाखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी कोंबली होती. आणि त्या काट्यावर, काकांच्या डोळ्यांसमोर, एका बाईची डाळ तोलली जात होती.

काकांनी नजर दुसरीकडे वळवली. ती परत आली. त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांसमोर बुडबुडा आला. कपाळावर घाम फुटला.

"झटका येतोय," दातांचे डॉक्टर म्हणाले. "बाजूला व्हा, हवा येऊ द्या."

"काटा पातळीत नाही!" काका गरजले.

डाळ तोलणाऱ्याने हात मागे घेतला.

"तो पुठ्ठा काढा आधी! पायाला स्क्रू दिलाय, तो कशासाठी दिलाय? फिरवा! बाई, ती डाळ परत तोलून घ्या. आणि तुम्ही, डॉक्टर, माझ्या गालावरचा हात काढा!"

मग टाळ्या वाजल्या. वहिनी पदराने डोळे पुसत हसू लागल्या. "आले! काका परत आले!" दुकानदाराने स्क्रू फिरवला, बुडबुडा मध्यभागी सरकला, आणि साखर काकांच्या हातात देऊन तो म्हणाला, "काका, तुमची वाचा गेली तेव्हा खरं सांगू, दुकान ओकंओकं वाटलं. कोणी चूकच काढेना."

गर्दीत मागे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला: सदर रहिवासी समक्ष आढळला, बोलताना आढळला, वादही घालताना आढळला. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मात्र रहिवासी मुळात गेलाच नव्हता असे सिद्ध झाल्याने पाणी बंद करण्याचा आदेशच निष्फळ ठरला, आणि जो आदेश निष्फळ आहे तो मागे घेता येत नाही. म्हणून 'पाणी बंद झालेच नव्हते असे समजण्यात यावे' असा ठराव लिहून ते गच्चीवर गेले आणि त्यांनी कॉक उघडला.

काका साखर घेऊन जिना चढले. चढताना त्यांना प्रत्येक मजल्यावर थांबावे लागले. प्रत्येकाला काहीतरी सांगायचे होते, आणि प्रत्येकाचे काहीतरी चुकत होते. ते त्यांनी दुरुस्त केले. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला होता आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

"प्रयोग फसला," त्यांनी दारातच जाहीर केले. "मी बाहेर बोललो. सगळी निरीक्षणं बाद. पाटी काढतो."

काकू चहा घेत खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "लगेच?"

"म्हणजे?"

"नाही... पंधरवडा ठरला होता ना? अर्धासुद्धा झाला नाही अजून."

काकांना आपण एखाद्या काट्यासमोर उभे आहोत आणि तो अपेक्षेच्या नेमका उलट्या बाजूला झुकतो आहे, असे वाटले. त्यांनी खुर्ची ओढली. "अगं, तुला करमतंय इथे? असं कोंडून? कोणी बोलायला नाही, कोणी येत नाही..."

"अहो, म्हणून तर करमतंय."

"पण तुला माणसं लागतात!"

"कोण म्हणालं?"

काकांनी हे विधान कोणाचे, ते आठवून पाहिले. त्याचा मूळ स्रोत त्यांच्याखेरीज कोणी निघेना.

"आयुष्यभर कानाला लोकांची बोलणी," काकू म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर वाटलं, आता शांतता. तर इथे बेल. बेल वाजली की पेपराआडून तुमचा आवाज येतो, 'अगं, बघ गं कोण आहे.' मी उठते, दार उघडते, आलेल्यांना बसवते, चहा ठेवते. मग तुम्ही पेपर बाजूला करून त्यांच्या चुका काढता, ते वाद घालतात, तुम्हाला मजा येते, आणि मी दुसरा चहा ठेवते. गेल्या चार दिवसांत मी एक पुस्तक वाचून संपवलं. कपातला चहा गरम असताना प्यायले. तुम्ही काय केलंत चार दिवस?"

चार दिवस काकांनी भिंगातून पाहिले होते. जिन्यात कोणाची पावले वाजली की ते पायांवरून माणूस ओळखायचे आणि तो आपल्या दारापर्यंत येतो का, याची वाट बघायचे. माणसांचा कंटाळा असलेल्या माणसाचे हे वर्तन कुठल्याच सिद्धांतात बसत नव्हते.

"म्हणजे तुला जायचंय," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजातले काहीतरी अजून बसलेलेच होते. "आणि मी समजत होतो, मी तुझ्यासाठी थांबतोय."

"तुम्ही मला विचारलं नव्हतंत."

"शेवटी विचारणार होतो!"

"आता विचारा मग."

काकांनी विचारले. त्यांना उत्तर मिळण्याआधी बेल वाजली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. काकूंनी पुस्तक उचलले आणि पान उलटले. काका उठले, कडी काढली, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपल्या घराचे दार पाहुण्यांसाठी स्वतः उघडून म्हणाले, "या वहिनी. बसा. चहा मी ठेवतो." साखर त्यांनी काट्यावर तोलून घातली. वहिनींनी तो चहा पिताना डोळे मिटले आणि कशाचेही कौतुक केले नाही, पण उठल्याही नाहीत.

महिनाअखेरीला मुलीचा फोन आला. "बाबा, ठरलं का? एक खोली जास्तीची घेऊ की नको?"

"आईला विचार," काका म्हणाले.

हे वाक्य या घराच्या इतिहासात नवे होते. मुलीने पडद्यावरच दोनदा पापण्या मिटल्या.

"घे," काकू म्हणाल्या. "मी येते. काही महिने राहीन, मग परत येईन, मग वाटलं तर पुन्हा येईन. कायमचं कोण ठरवतंय? तुझे बाबा इथेच राहतील."

"एकटे?"

"एकटे कसे? दार आहे."

काकांना हा अपमान वाटायला हवा होता. त्यांनी तो वाटतो का हे प्रामाणिकपणे तपासून पाहिले. काटा हलला नाही. उलट निरोपाच्या दिवशी काकू टॅक्सीत बसताना त्यांनी इतक्या सूचना दिल्या की टॅक्सीवाल्याने घड्याळाकडे पाहिले. गाडी वळणाआड गेल्यावर ते फाटकात जरा जास्तच उभे राहिले. मग सेक्रेटरी शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काका, एक शंका होती. सदनिकेतला एकच रहिवासी परदेशी गेल्यास..." आणि ते दोघे वाद घालत, थांबत, एकमेकांचे कलम दुरुस्त करत जिना चढले.

काकांचे दिवस आता दारात जातात. सकाळी डॉक्टर, दुपारी विमावाले, संध्याकाळी वहिनी. चहा सुधारला आहे. निदान वहिनी डोळे उघडे ठेवून पितात. काकूंची आठवण काकांना येते, रोज येते, आणि ती किती येते हे त्यांनी अद्याप मोजलेले नाही, यावरून ती किती येते हे कळावे.

काल काकूंचा फोन आला होता. सुरुवातीला सगळे शांत होते म्हणाल्या. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईला फोनवर तिच्या मुलाचा नंबर लावून हवा होता, तो काकूंनी लावून दिला. खुणांनीच जमले सगळे. मग तिच्या बहिणीला हवा होता. मग पलीकडच्या घरातल्या आजोबांना. आता म्हणे सारी गल्लीच येते. बोलणे कोणाचेच कळत नाही, पण तासभर बसतात.

"बघ!" काका हर्षाने ओरडले. "म्हणजे तिथेही बेल वाजायला लागली! मग परत ये ना. तिथे राहून काय फायदा?"

"अहो, येईन की. घाई काय आहे?" काकू म्हणाल्या. त्यांच्यामागे कुठेतरी बेल वाजल्याचा आवाज आला आणि कोणीतरी धावत गेले. "इथे दार जावई उघडतात."